माझदा एमएक्स-५ ‘एनए’: इंजिन नंतर, आधी पत्रा बघा

दोन सीटची उघडी स्पोर्ट्स गाडी हवी, ती जुनी चालेल, आणि खिसा मात्र बेताचा. असं म्हटलं की जाणकार बहुतेक वेळा एकच नाव सांगतात: माझदा एमएक्स-५, पहिली पिढी, म्हणजे ‘एनए’. सल्ला चुकीचा नाही. फक्त तो देताना इंजिनाचं कौतुक फार होतं आणि पत्र्याचा विषय राहून जातो. इंजिन गेलं म्हणून एनए भंगारात गेली असं क्वचितच घडतं. ती जाते पाण्यामुळे, आणि तेही बहुतेक वेळा एका बुजलेल्या भोकामुळे. हे नीट समजून घेतलं तर कमी पैशात ठेवण्यासारखी याहून चांगली जुनी गाडी सापडणं कठीण. नाही समजून घेतलं तर स्वस्तात घेतलेली गाडी वेल्डिंगच्या बिलातच दुप्पट महाग पडते.

गाडीची ओळख थोडक्यात. १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या मोटार शोमध्ये ती पहिल्यांदा लोकांसमोर आली. बनायची हिरोशिमात. जपानमध्ये युनोस रोडस्टर, अमेरिकेत मियाटा, युरोपात एमएक्स-५ अशी नावं. इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना, चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन, आणि वजन एक टनाच्या आत. सुरुवातीला १५९७ सीसीचं इंजिन होतं, साधारण ११५ अश्वशक्तीचं. १९९४ च्या मॉडेलपासून १८३९ सीसीचं आलं, त्याची ताकद १३० च्या आसपास. १९९७ पर्यंत चार लाखांहून जास्त गाड्या बनल्या. आज भाग मिळतात ते या आकड्यामुळे. माझदानं २०१७ मध्ये जपानमध्ये एनएसाठी रिस्टोरेशनची सेवा जाहीर केली आणि तिच्यासाठी कापडी टप, नार्डीचं लाकडी स्टिअरिंग, इतकंच काय, ब्रिजस्टोनचे मूळ नक्षीचे टायरसुद्धा पुन्हा बनवून घेतले. कंपन्या असले लाड सहसा महागड्या गाड्यांचेच करतात.

पत्रा आणि पाणी

टपाच्या मागच्या कडेला, आतल्या बाजूनं, एक पन्हाळी असते. टपावरून ओघळलेलं पाणी तिच्यात जमतं आणि दोन्ही टोकांना, सीटबेल्टच्या खांबांजवळ, एकेका भोकातून नळीत उतरून मागच्या चाकाच्या पुढे गाडीखाली पडतं. योजना साधी आणि चांगली. पण त्या भोकात पानं, धूळ, टपाच्या कापडाचे तंतू साचतात आणि वर्षा-दोन वर्षांत बूच बसतं. मग पाणी दोन ठिकाणी जातं: सीटमागच्या गालिच्यात, आणि दाराखालच्या पोकळ सिलमध्ये. सिल आतून कुजायला लागतो, बाहेर मात्र रंग चकचकीत. मागच्या चाकाच्या कमानीपुढे, सिलच्या शेवटच्या वीतभर भागात रंगाचे फोड दिसले तर आतले थर त्याच्या कितीतरी आधी गेलेले असतात असं धरून चाला.

त्यामुळे गाडी बघायला जाताना अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली, एक चुंबक आणि टॉर्च एवढं न्या. टप अर्धा उघडा, दोन्ही बाजूंच्या भोकात सावकाश पाणी ओता आणि खाली वाका. पाणी मागच्या चाकाच्या पुढे धारेनं पडलं पाहिजे. नुसतं थेंब थेंब पडत असेल तर नळी अर्धी बुजली आहे. काहीच पडत नसेल तर ते कुठे गेलं याचा विचार करा, आणि मालकाला किंमत पुन्हा विचारा. सीटमागच्या गालिच्याखाली हात घालून ओल बघा, वास घ्या. चुंबक सिलवर, कमानीच्या कडेवर आणि डिकीच्या तळावर फिरवा. तो चिकटत नसेल तिथे पुट्टी भरलेली आहे. बोनेटवर चुंबक चिकटला नाही म्हणून मात्र घाबरू नका, एनएचं बोनेट मुळातच ॲल्युमिनियमचं आहे.

भोक साफ करायला कडक तार वापरायची नाही. नळीला वळण आहे, आणि जुनं प्लास्टिक तारेनं फाटतं. फाटलेली नळी बुजलेल्या नळीपेक्षा वाईट, कारण भोक वरून स्वच्छ दिसतं आणि पाणी थेट सिलमध्ये जात राहतं. गवत कापायच्या यंत्राची जाड नायलॉन दोरी घ्या, टोक जरा तापवून गोल करा, हळूहळू फिरवत खाली सोडा, मग कोमट पाणी ओता. वर्षातून दोनदा. सगळ्या देखभालीत याहून स्वस्त आणि याहून मोलाचं काम नाही.

सिलच्या खालच्या जोडपट्टीलाही पाणी निघायला बारीक फटी असतात. अंडरकोटिंगचा जाड थर मारणारे त्या हमखास बुजवतात. त्या टोकरून मोकळ्या करा, गाडी चार-पाच दिवस कोरड्या जागी ठेवून आतलं पाणी सुकू द्या, आणि मग लांब नळीच्या नोझलनं सिलच्या पोकळीत वॅक्स फवारा. ओल्या पोकळीत वॅक्स मारलं तर ओल आतच कोंडते.

वेल्डिंग करायचंच असेल तर वरच्या पत्र्यावर पट्टी ठोकून समाधान मानू नका. या ठिकाणी पत्र्याचे थर एकावर एक आहेत. बाहेरचा कापल्यावर आतला कुजका निघाला तर तोही कापून नवा बसवावा लागतो. नाही तर नवी पट्टी आतून पुन्हा खायला लागते, आणि तेच काम दुसऱ्यांदा करावं लागतं. पुढचे मडगार्ड बोल्टनं बसवलेले असल्यामुळे बदलणं सोपं. मागचे वेल्ड केलेले, तिथे कामाचे तास वाढतात. म्हणून दोन गाड्यांमधून निवडायची झाली तर पुढून ठोकलेली पण मागून कोरडी गाडी घ्या. चकचकीत पण सिल फुगलेली नको.

खाली वाकलाच आहात तर सिलची जोडपट्टी चेपलेली आहे का तेही बघा. चुकीच्या जागी जॅक लावल्याची ती खूण, आणि चेपलेल्या पट्टीचा रंग उडून गंज तिथूनही सुरू होतो. ट्रॉली जॅक लावायची योग्य जागा पुढे क्रॉसमेंबरच्या (इंजिनाखालच्या आडव्या तुळईच्या) मध्यावर आणि मागे डिफरन्शियलच्या घरावर. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल यांना जोडणारी ॲल्युमिनियमची लांब चौकट जॅकसाठी सोयीची दिसते, पण तिच्यावर वजन कधीच द्यायचं नाही.

डिकीतली बॅटरी हेही तपासा. मूळची बॅटरी बंद प्रकारची, वायू बाहेर सोडणाऱ्या नळीसह येते. पैसे वाचवायला कोणी साधी ॲसिडची बॅटरी ठेवली असेल तर तिच्या वाफेनं डिकीचा तळ खाल्लेला असतो. बॅटरी उचलून खालचा पत्रा बघितल्याशिवाय सौदा करू नका.

इंजिन: एकच खरी भीती

या इंजिनाला लोखंडी ब्लॉक, दोन कॅमशाफ्ट, सोळा व्हॉल्व्ह आहेत, आणि ते मूळचं माझदाच्याच साध्या फॅमिली गाड्यांच्या घराण्यातलं. टायमिंग बेल्ट तुटला तरी एनएच्या दोन्ही इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हला धडकत नाही. गाडी जागेवर बंद पडते, बेल्ट बदलला की पुन्हा चालू. किती लोकांनी हा बेल्ट मुदत उलटून ओढला असेल याची कल्पना करा, आणि तरी इंजिनं शाबूत आहेत.

अपवाद एक, पण मोठा. १९९० च्या आणि १९९१ च्या काही १६०० सीसी गाड्यांत क्रँकशाफ्टचं पुढचं नाक आखूड आहे. टायमिंगचा दात्यांचा चक्का आणि पुली या नाकावर बसतात आणि मधला एक मोठा बोल्ट त्यांना आवळून धरतो. चक्का घट्ट राहतो तो बोल्टच्या दाबामुळे. आत खाचेत बसणारी लोखंडाची छोटी पाचर (‘की’) फक्त जागा दाखवायला असते, जोर सोसायला नाही. बोल्ट सैल राहिला किंवा जुनाच पुन्हा वापरला की चक्का डुलायला लागतो, ती पाचर क्रँकमधली आपली खाच खात जाते, टायमिंग मागे पडतं. गाडी ओढत नाही, आयडलिंग बिघडतं, आणि लोक प्लग, कॉइल, सेन्सर बदलत बसतात.

ओळखायचं कसं? पुलीच्या दर्शनी भागात चार खाचा असतील तर आखूड नाक, आठ असतील तर लांब. इंजिन चालू ठेवून मधल्या बोल्टकडे टॉर्च मारा. बाहेरची कडी डुलते पण बोल्ट स्थिर आहे, तर पुलीतलं रबर गेलं आहे, पुली बदला, विषय संपला. बोल्टच डुलत असेल तर पाचरेची खाच गेली. नुकसान थोडं असेल तर नाक ब्रेक क्लीनरनं तेलाचा अंशही न ठेवता पुसून, नवी पाचर, नवा बोल्ट आणि लॉकटाइट ६६० (धातू जोडणारा चिकट पदार्थ) वापरून चक्का बसवता येतो, मग एक पूर्ण दिवस इंजिन सुरू करायचं नाही. खाच फार रुंद झाली असेल तर क्रँक किंवा अख्खं इंजिनच बदलावं लागतं. त्या परिस्थितीत १८०० सीसीचं वापरलेलं इंजिन शोधणं जास्त शहाणपणाचं.

हा बोल्ट किती जोरानं आवळायचा, म्हणजे टॉर्कचे आकडे: आखूड नाकाला १०८ ते ११८ न्यूटन-मीटर, लांबला १५७ ते १६७. हे दोन आकडे आपसात बदलू नका. गाडी पाचव्या गिअरमध्ये, हातब्रेक वर, दुसरा माणूस ब्रेक दाबून बसलेला, आणि हातात टॉर्क रेंच. इम्पॅक्ट गननं हा बोल्ट बसवणाऱ्या गॅरेजला नमस्कार करून बाहेर पडावं.

टायमिंग बेल्टची मुदत साधारण १ लाख किलोमीटर. ज्या गाडीचा इतिहास कागदावर नाही, तिथे बेल्ट झालेलाच नाही असं समजा. वॉटर पंप टायमिंग बेल्टवर चालत नाही, तो बाहेरच्या बेल्टवर फिरतो, पण त्याचं घर टायमिंगच्या कव्हरमागे आहे. म्हणून दोन्ही कामं एकदमच करायची. एकदा उघडलंच आहे तर टेन्शनर, आयडलर, क्रँकचं पुढचं ऑइल सील, दोन्ही कॅमची सील, कॅम कव्हरचं गॅस्केट आणि बाहेरचे दोन बेल्ट हे सगळं घेऊन ठेवा. भागांचा खर्च थोडा वाढतो, तीच मजुरी पुन्हा द्यावी लागत नाही. बेल्ट बसवताना इनटेकच्या चक्क्यावरची ‘आय’ आणि एक्झॉस्टच्या चक्क्यावरची ‘ई’ खूण मागच्या प्लेटवरच्या खुणांशी जुळली पाहिजे आणि या दोन खुणांमध्ये बेल्टचे १९ दाते मोजून यायला हवेत. मग क्रँक हातानं दोन पूर्ण फेरे फिरवून पुन्हा मोजा. एक दाता चुकला तर इंजिन चालतं, पण मेल्यासारखं.

आता तेलगळती, कारण इथे लोकांचे पैसे सर्वांत जास्त वाया जातात. गिअरबॉक्सच्या घंटेवरून (इंजिनाला जोडलेल्या घंटेच्या आकाराच्या घरावरून) तेल ठिबकताना दिसलं की गॅरेजवाला म्हणतो, मागचं मेन सील गेलं, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. उतरवण्याआधी हेडच्या मागच्या बाजूला हात घालून बघा. तिथे कॅम अँगल सेन्सर आहे आणि त्याच्यात एक ओ-रिंग आहे. तीस वर्षांत ती प्लास्टिकसारखी कडक होते, तेल हेडच्या मागून उतरत थेट घंटेवर येतं आणि मेन सीलवर नाहक आळ येतो. सेन्सर काढण्याआधी त्याच्या बैठकीवर आणि हेडवर टोच्यानं एक रेघ मारून ठेवा. १२ चा एक बोल्ट काढला की तो हलवत हलवत बाहेर येतो, पण फायरवॉल जवळ असल्यामुळे हात सोलतात. रिंग उष्णता सोसणाऱ्या व्हिटॉन रबराची घ्या. बसवल्यावर रेघ जुळवा, आणि टायमिंग लाइट असेल तर बोनेटखालच्या डायग्नोस्टिक डब्यात ‘टीईएन’ आणि ‘जीएनडी’ ही टोकं तारेनं जोडून ८५० आरपीएमवर १० अंश लावा. तार जोडल्याशिवाय लावलेलं टायमिंग खोटं, कारण संगणक ते मागेपुढे करत असतो.

त्याच तेलानं मागच्या हीटर नळ्या भिजून फुगलेल्या असू शकतात. बोटानं दाबून मऊ लागल्या तर त्याच वेळी बदला.

थंड इंजिनावर टिकटिक आवाज येतो तो हायड्रॉलिक लिफ्टरचा. गरम झाल्यावर थांबत असेल तर काळजी नाही. न थांबणारी टिकटिक बहुधा जुन्या ऑइलच्या चिकट थरामुळे असते. थोड्या थोड्या किलोमीटरवर ऑइल आणि फिल्टर दोन-तीनदा बदलले की पुष्कळदा जाते. फिल्टर इनटेक मॅनिफोल्डच्या खाली अडचणीत बसवलेला आहे, हे या गाडीच्या आखणीतलं सर्वांत त्रासदायक काम. १६०० ला फिल्टरसह सुमारे ३.६ लिटर ऑइल लागतं.

डॅशवरचा ऑइल प्रेशरचा काटाही समजून घ्या. १९९४ पर्यंतच्या गाड्यांत तो खरा आहे, आयडलिंगला खाली येतो आणि रेस दिली की वर जातो. १९९५ पासून तो नुसता स्विचवर चालतो, दाब आहे किंवा नाही एवढंच सांगतो. नव्या काट्याची स्थिरता बघून खूश होण्यात अर्थ नाही, आणि जुन्याचं वरखाली बघून घाबरण्यातही.

रेडिएटर

रेडिएटरची वरची प्लास्टिकची टाकी मूळची काळी. ती तपकिरी किंवा शेवाळी झाली असेल तर प्लास्टिक ठिसूळ झालं आहे, आणि ते फुटतं ते नेहमी गर्दीत किंवा घाटात. तपमानाच्या काट्यावर फार विसंबू नका, तो बराच काळ मध्यावरच राहतो आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. रेडिएटर, दोन मोठ्या नळ्या, थर्मोस्टॅट आणि झाकण एकाच वेळी बदला. कूलंट जवळपास ६ लिटर लागतं. भरताना गाडीचं नाक उंच करा आणि हीटर पूर्ण गरमवर ठेवा, म्हणजे हवा अडकत नाही. थर्मोस्टॅट मागे न्यायचं ‘रीरूट’ किट टर्बो किंवा ट्रॅकवाल्यांसाठी. साध्या गाडीला त्याची गरज नाही.

क्लच, गिअर, ब्रेक

रिव्हर्स टाकताना खरखर, पेडल जमिनीपर्यंत: क्लच स्लेव्ह सिलिंडर, म्हणजे पेडलच्या तेलाच्या दाबानं क्लच सोडवणारा खालचा सिलिंडर. या गाडीची ही ठरलेली तक्रार आहे आणि सुदैवानं स्वस्तही. गिअरबॉक्सच्या उजव्या अंगाला १२ च्या दोन बोल्टांवर तो बसतो. त्याचं रबरी टोपण बाजूला करा, आत ओल दिसली की निदान झालं. फक्त स्लेव्ह बदलून थांबू नका. नव्या सीलमुळे पूर्ण दाब तयार होतो आणि काही दिवसांत पेडलजवळचा जुना मास्टर सिलिंडर गळायला लागतो. दोन्ही आणि मधली रबरी नळी एकदमच घ्या.

गिअर लिव्हरभोवती गरम हवा किंवा गुरगुर येत असेल तर लिव्हरच्या खालचं छोटं रबर फाटलेलं असतं. लिव्हर ज्या मनोऱ्यात बसतो तो स्वतःचं वेगळं तेल बाळगतो, गिअरबॉक्सच्या तेलाशी त्याचा संबंध नाही. लिव्हर वर काढा, जुनं तेल ओढून घ्या, नवी दोन्ही रबरं, लिव्हरच्या टोकाची नायलॉन टोपी आणि ८० मिलीच्या आसपास गिअर ऑइल घाला. एवढ्या कमी पैशात गाडीचा स्वभाव इतका बदलणारं दुसरं काम नाही. एनएचे गिअर जे प्रसिद्ध आहेत ते असे असतात हे अनेक मालकांना यानंतरच कळतं.

गिअरबॉक्समध्ये २ लिटर ७५-डब्ल्यू-९० लागतं, बाटलीवर जीएल-४ लिहिलेलं बघून घ्या. डिफरन्शियलमध्ये जीएल-५, आणि इथे प्रमाण वेगळं: १६०० च्या लहान डिफरन्शियलला सुमारे ०.६५ लिटर, १८०० च्या मोठ्याला १ लिटर. दोन्हीकडे आधी भरायचा बोल्ट सुटतो का ते बघा, मगच खालचा काढा. तेल रिकामं करून बसलात आणि वरचा बोल्ट सुटलाच नाही, तर गाडी जागच्या जागी अडकली.

ब्रेकमध्ये मागचे कॅलिपर लोक हमखास बिघडवतात. हातब्रेकची यंत्रणा पिस्टनच्या आत आहे, त्यामुळे पॅड बदलताना क्लॅम्पनं पिस्टन दाबायचा नसतो. कॅलिपरच्या मागे १४ चा एक टोपणबोल्ट आहे. तो काढला की आत ४ मिमी ॲलन की बसते. उलट फिरवली की पिस्टन आत जातो. नवे पॅड घालून सुलट फिरवत चाक अडेपर्यंत आणा, मग एक तृतीयांश फेरा मागे घ्या. हातब्रेक ढिला आहे म्हणून केबल ताणणाऱ्यांना बहुतेक वेळा हीच ॲडजस्टमेंट करायची असते. सरकत्या पिना काढून गंज घासा आणि त्यांना सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस लावा, साधं ग्रीस रबर फुगवतं. पुढची डिस्क १६०० ला २३५ मिमी आणि १८०० ला २५५ मिमी, मागवताना गाडीच्या वर्षावर न जाता प्रत्यक्ष मोजा, कारण इतक्या वर्षांत कोणी काय बसवलं असेल सांगता येत नाही.

सस्पेन्शन

या गाडीची सगळी मजा सस्पेन्शनच्या भूमितीत आहे, आणि ती बिघडवायला सर्वांत सोपी. खालच्या चारही आर्मला प्रत्येकी दोन, असे एकूण आठ एक्सेन्ट्रिक (फिरवले की आर्म सरकवणारे) बोल्ट आहेत. अलाइनमेंट यांच्यावरच होतं. गंजून ते बुशच्या आतल्या लोखंडी नळीला धरून बसतात, डोकं फिरतं पण बोल्ट फिरत नाही, अलाइनमेंटवाला हात वर करतो. आठवडाभर रोज गंजनाशक तेल मारून बघा. नाहीच सुटला तर बुशच्या दोन्ही बाजूंनी करवतीनं कापणं एवढाच उपाय. नवे बोल्ट तांब्याचं ग्रीस लावून घाला. बुश नवे घातले असतील तर हे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना, तिच्या नेहमीच्या उंचीवरच शेवटचे आवळायचे. हवेत लटकलेल्या आर्मवर आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

रोजच्या वापराला मूळ प्रकारचे रबरी बुशच घ्या. पॉलियुरेथेनला अधूनमधून ग्रीस लागतं, ते दिलं नाही की कुरकुर सुरू. शॉकअपसोबत बंप स्टॉप (सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर धक्का झेलणारे ठोकळे) बदलायला विसरू नका. एनएचा सस्पेन्शनचा प्रवास कमी आहे, बंप स्टॉप सतत कामात असतात, आणि जुने हातात घेतले की भुगा होतात. कापलेल्या स्प्रिंगची खाली बसवलेली गाडी दिसली तर ती स्टॉपवरच आदळत चालते. अशी गाडी घेताना स्प्रिंग आणि शॉकअपचा पूर्ण खर्च सौद्यातून वजा करा. स्वस्तातले कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉकअपचा एकत्र संच) हा उपाय नाही. चांगल्या कंपनीचे साधे शॉकअप आणि मूळ स्प्रिंग त्यांच्यापेक्षा कमी पैशात जास्त चांगली गाडी देतात.

टायर १८५/६०-१४, दाब चारही चाकांत २६ पीएसआय. पंपावरचा माणूस सवयीनं ३२ भरतो आणि गाडी खड्ड्यात उडते.

बाकीचं

विजेचं काम थोडं आहे. मिसफायर आला तर आधी प्लगच्या वायरी बदला, त्या कॉइलच्या आधी जातात. १६०० मध्ये आयडलिंग वरखाली होत असेल तर एअरफ्लो मीटर आणि थ्रॉटल यांच्यातली रबरी नळी वाकवून तिच्या घड्यांत चीर आहे का बघा. काचा कासवाच्या गतीनं चढत असतील तर मोटर बदलण्याआधी दाराचं आतलं पॅनल काढा आणि रुळांवरचं वाळलेलं ग्रीस पुसून नवं लावा. हेडलाइट वर येत नसतील तर मोटरवरच्या गोल बटणानं हातानं वर करता येतात, तेवढ्यावर रात्र निभावते.

टप बदलायचा तर मागची खिडकी प्लास्टिकची की काचेची हा प्रश्न येतो. प्लास्टिक असेल तर टप खाली करण्याआधी चेन उघडून खिडकी सपाट झोपवा. तशीच दुमडली तर थंडीत तडकते. आणि जुना टप काढताना ती पन्हाळी जपा. ती ठिसूळ झालेली असते. तडा गेला असेल तर नव्या टपासोबत नवी पन्हाळीही घ्या, नाही तर भारी कापड वर आणि पाणी पुन्हा सिलमध्ये.

पैसे कुठे वाचवायचे याचा हिशोब यावरून निघतोच. मागचे दिवे, सीट, दारांची पॅनलं, रिम, कॅम अँगल सेन्सर हे वापरलेलं चांगलं मूळ सामान बिनधास्त घ्या. टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, क्लचचे सिलिंडर आणि सगळी रबरं नावाजलेल्या कंपनीचीच, आणि नवी. खाचा पाडलेल्या डिस्क, मोठे सायलेन्सर, उघडा एअर फिल्टर यांच्यावर पहिल्या वर्षी एक पैसाही घालू नये. उघडा फिल्टर तर बोनेटखालची गरम हवा ओढतो आणि त्यात फक्त आवाज वाढतो.

कोणती घ्यायची? १६०० हलकी वाटते, रेस घ्यायला आतुर असते, आणि हळू चालवतानाही करमणूक करते. पण तिचं डिफरन्शियल नाजूक आहे, आणि मर्यादित-घसरणीचं (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर देणारं) असेल तर ते चिकट द्रवावर चालणारं, जे एव्हाना थकलेलं असतं. युरोपात शेवटच्या वर्षांत ९० अश्वशक्तीची १६०० विकली गेली, ती स्वस्त मिळते आणि तशीच चालते. १८०० ला चौकटीत जास्त मजबुती आहे, ब्रेक मोठे आहेत, काही गाड्यांना दात्यांचं टॉर्सेन डिफरन्शियल आहे, जे झिजत नाही म्हटलं तरी चालेल. दोन्ही सारख्याच कोरड्या मिळाल्या तर १८००, टॉर्सेनसह. पण तशी सारखी जोडी समोर येत नाही. प्रत्यक्षात एकीचे सिल चांगले असतात आणि दुसरीचं इंजिन, आणि तेव्हा सिलवाली घ्या, भले ती ९० अश्वशक्तीची का असेना. इंजिन एका शनिवार-रविवारी बदलता येतं.